सातव्या दिवसाची घाई

हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक हा कॉम्प्युटरवरचा खेळ खेळणारी दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला: तुझा आवडता भाग कोणता? उत्तरही बहुधा ठरलेलंच, तिसरा. मधूनच एखादा पाचव्याचा भक्त निघतो, क्वचित कुणी चौथ्याची बाजू घेतो, आणि मग ताटातलं गार होईपर्यंत वाद चालतो. माझंही मत तिसऱ्यालाच. पण तो का चांगला, याची लोक जी कारणं देतात ती मला पटत नाहीत. कुणी म्हणतं चित्रं, कुणी म्हणतं संगीत, कुणी म्हणतं लहानपणीच्या आठवणी. चित्रं दुसऱ्याची जास्त देखणी आहेत, संगीत चौथ्याचं जास्त चांगलं आहे. आठवणींचं म्हणाल तर माझ्या लहानपणीच्या आठवणींत लोडशेडिंगही आहे, त्याच्यावर काही माझं प्रेम बसलेलं नाही.

माझं कारण आहे आठवडा. हिरोजचा प्रत्येक भाग मी एकाच गोष्टीवरून जोखते: यांनी आठवड्याचं काय केलं?

ज्यांनी हे खेळलेलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक टर्न म्हणजे एक दिवस. सात दिवसांचा आठवडा, चार आठवड्यांचा महिना. नकाशावर तुमचं एक टाउन, दारात एक हिरो, त्याच्यामागे मूठभर फौज. आजूबाजूला लाकूड, ओअर (धातूचं खनिज), पारा, गंधक, क्रिस्टल, रत्नं आणि सोन्याच्या खाणी, आणि बहुतेक चांगल्या ठिकाणी राखणीला कुणी ना कुणी बसलेलं. टाउनमध्ये दिवसाला एकच इमारत बांधता येते. हिरो दिवसाला ठरावीक अंतरच चालतो. आणि नवे सैनिक येतात आठवड्यातून एकदाच, पहिल्या दिवशी सकाळी.

म्हणजे बांधकामाचा हिशेब दिवसाचा, चालीचा हिशेब दिवसाचा आणि भरतीचा आठवड्याचा. हे हिशेब एकमेकांशी कधीच नीट जुळत नाहीत, आणि ते जुळवायची जी धडपड तोच हा खेळ. ड्रॅगन, जादू, राजकन्या वगैरे सगळं त्याच्यावरचं नक्षीकाम. आमच्या आजोळी मंगळवारचा बाजार चुकला की पुढच्या मंगळवारपर्यंत घरात असेल त्यावर भागवायचं. हिरोजमध्ये सातव्या दिवशी ती इमारत उभी राहिली नाही, तर अगदी तसंच.

हे काही हिरोजच्या आधी नव्हतं असं नाही. जॉन व्हॅन कॅनेघमच्या न्यू वर्ल्ड कम्प्युटिंग कंपनीने 1990 मध्ये किंग्ज बाउंटी काढला, त्यातच हे बीज आहे. तिथे राजाचा राजदंड शोधायला ठरावीक दिवस दिलेले असतात, आणि आठवडा संपला की ज्योतिषी येऊन जाहीर करतात की हा अमुक प्राण्याचा आठवडा. ते ज्योतिषी पुढे हिरोजमध्येही आले. खेळ बदलले, मालक बदलले, पण पंचांग सांगणारी ही मंडळी टिकून राहिली.

पहिला हिरोज 1995 चा. चार पक्ष: नाइट, बार्बेरियन, सॉर्सरेस, वॉरलॉक. आज तो खेळताना हाडाचा सापळा दिसतो, मांस नंतर चढलं. सैनिकांना अपग्रेड नाही, हिरोंना शिकण्यासारखी वेगळी कौशल्यं नाहीत. जादूसुद्धा मोजून पाठ केलेली, एक मंत्र इतक्या वेळा, संपला की संपला. पण दिवस-आठवडा चोख बसवलेला आहे. एखाद्या रविवारी दुपारी खेळून संपवावा असा खेळ. त्याच्याबद्दल याहून जास्त लिहिण्यात अर्थ नाही.

दुसरा, 1996 चा, ही वेगळीच चीज. आमच्याकडे हाच पहिल्यांदा आला. मामेभावाने पुण्याहून सीडी आणली होती, तिच्यावर मार्करने नाव लिहिलेलं, त्यावरून ती कुठून आली असेल ते समजून घ्या. टाउनचा पडदा उघडला की मागे ऑपेरातला आवाज सुरू व्हायचा. आमच्या घरात नाट्यसंगीत सोडून असलं काही वाजलेलं नव्हतं. बाबा बाहेरच्या खोलीतून विचारायचे, "कोण केकाटतंय गं?" पॉल रोमेरो, रॉब किंग आणि स्टीव्ह बाका यांचं हे काम. मला विचाराल तर खेळांच्या संगीतात याच्या जवळपास जाणारं फार थोडं आहे.

दुसऱ्यात विझार्ड आणि नेक्रोमॅन्सर हे दोन पक्ष वाढले. अपग्रेड आले, बेसिक-ॲडव्हान्स्ड-एक्स्पर्ट अशी कौशल्यं आली, मंत्र टाकायला लागणारे स्पेल पॉइंट आले. रोलंड आणि आर्चिबाल्ड या दोन भावांचं गादीवरून भांडण, आणि तुम्ही कोणत्याही भावाच्या बाजूने खेळू शकता. आमच्याकडे घरात दोन भावंडं आणि खुर्ची एक, त्यामुळे ही कथा फारशी समजावून सांगावी लागली नाही.

पण दुसऱ्यात तोल नाही, आणि तो का नाही हेही आठवड्याशीच येऊन थांबतं. नाइटचा सर्वांत मोठा शिलेदार क्रुसेडर, त्याची प्राणशक्ती 65. वॉरलॉकचा ब्लॅक ड्रॅगन 300, वर त्याच्यावर कसलीच जादू चालत नाही. नाइट स्वस्त, लवकर तयार होतो. वॉरलॉक महाग आणि उशिरा. छोट्या नकाशावर नाइट पहिल्या दोन-तीन आठवड्यांत गळ्याशी येऊन भिडला तर जिंकतो. मोठ्या नकाशावर प्रत्येक आठवडा वॉरलॉकच्या बाजूने जातो आणि नाइट बसल्या जागी म्हातारा होतो. बनवणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही. त्यांनी पक्षापक्षांना वेगवेगळे आठवडे दिले होते, फक्त नकाशा कुठला यावर सगळं अवलंबून ठेवलं. मला अजूनही नाइट घेऊन हरायला आवडतं. धाकट्या भावाला आवडत नाही, तो पहिल्यापासून वॉरलॉकवाला.

मग 1999 आला आणि तिसरा.

आठ टाउन, प्रत्येकात सात पातळ्यांचे सैनिक, प्रत्येकाला अपग्रेड. नकाशाला जमिनीखालचा दुसरा मजला. फौजेच्या जागा पाचाच्या सात झाल्या. ही यादी कुठेही मिळेल. मला जे सांगायचंय ते असं की तिसऱ्यात आठवड्याची प्रत्येक खिट्टी घट्ट बसलेली आहे.

कॅसल हे टाउन घ्या. सातव्या पातळीला एंजल. त्यांचं पोर्टल ऑफ ग्लोरी बांधायला 20000 सोनं, शिवाय पारा, गंधक, क्रिस्टल, रत्नं प्रत्येकी 10. इमारत उभी राहिली की एक एंजल लगेच मिळतो, आणि आठवडा बदलला की पुन्हा नवे. म्हणजे सातव्या दिवशी बांधलीत तर आजही घ्या आणि उद्या सकाळीही घ्या. आठव्या दिवशी बांधलीत तर त्या सकाळची भरती गेली, पुढचे सहा दिवस वाट बघा. सिटाडेल बांधलं तर भरती दीडपट, कॅसलची तटबंदी पूर्ण केली तर दुप्पट, पण तीसुद्धा सातव्याच्या आत हवी. दुसरीकडे टाउन हॉल, सिटी हॉल, कॅपिटॉल ही शिडी चढायची असते: रोज 500 सोन्याचे 1000, मग 2000, मग 4000. एका दिवसात इमारत एकच. आज पैशाची बांधली तर सैनिकांची राहिली. पहिल्या आठवड्यातले हे सात दिवस कसे वापरायचे यावर रशिया-पोलंडकडच्या लोकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत, आणि मला त्यात जराही वेडेपणा वाटत नाही.

मग चाल. तिसऱ्यात हिरोची आजची चाल सकाळी ठरते, त्याच्या फौजेतल्या सर्वांत मंद सैनिकावरून. दलदलीत पाऊल टाकलं की साध्या गवतापेक्षा पावणेदोनपट चाल खर्च होते, फरसबंदी रस्त्यावर निम्मीच. म्हणून जाणता खेळाडू रात्री झोपताना हिरोजवळचे झोंबी उतरवून ठेवतो आणि सकाळी परत उचलतो. तेवढ्यावर हिरो चार घरं जास्त चालतो.

आणि याच्यावर कडी म्हणजे साखळी. ही आमच्या घरात कशी घडली ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. आम्ही एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीने खेळायचो. एकाची टर्न चालू असताना दुसऱ्याने स्वयंपाकघरात जाऊन बसायचं, आईची सक्त ताकीद होती की भांडण झालं तर मशीन बंद. माझं कॅसल नकाशाच्या वरच्या टोकाला. खाली दक्षिणेला मी जिंकलेलं दुसरं टाउन, आणि त्याच्यापासून दोन दिवसांच्या वाटेवर धाकट्याचा, डंजन या टाउनचा हिरो, ब्लॅक ड्रॅगन घेऊन. त्याचा हिशेब सरळ होता: ताईचे एंजल वरून खाली यायला तीन दिवस, माझे ड्रॅगन पोचायला दोन. आठवड्याचा पहिला दिवस उजाडला. मी टाउनमध्ये उभ्या असलेल्या रिऑन या हिरोकडे एंजल दिले. तो रस्त्याने चाल संपेपर्यंत गेला, तिथे टायरिस आधीपासून थांबलेली. एंजल तिच्याकडे. तिने आपली पूर्ण दिवसाची चाल वापरली, पुढे एड्रिक. एंजल त्याच्याकडे, आणि तो थेट दक्षिणेच्या टाउनच्या दारात. तिघांची चाल, फौज एकच, दिवस एकच. बोलावलं तेव्हा धाकटा चिवडा खात आला, पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "ताई, हे चीटिंग आहे."

चीटिंग नाही. खेळाने हिरोला चाल दिली आहे, फौजेला नाही. फौज म्हणजे सामान. सामान हातोहात जातं. ते नियमातूनच निघतं. पण त्यासाठी बिनकामाचे वाटणारे दोन हिरो, प्रत्येकी 2500 सोनं मोजून, आधीच्या आठवड्यात त्या जागी नेऊन उभे करावे लागतात. म्हणजे आजचा वेळ वाचवायला कालचा वेळ खर्च करायचा. असला व्यवहार तिसऱ्यात पदोपदी आहे. टाउन पोर्टलचा मंत्र आणि अर्थ मॅजिक, म्हणजे मातीची जादू, एक्स्पर्ट असेल तर एका क्षणात हव्या त्या टाउनमध्ये पोचता, म्हणून सगळे त्या कौशल्यामागे धावतात. लढाईतही तीच माती: अर्थ एक्स्पर्टला स्लो मंत्र शत्रूच्या सगळ्या फौजेवर एकदम बसतो. वेळ विकत घ्यायचा, दुसऱ्याचा वेळ खायचा.

तिसऱ्यात दोष नाहीत असं कोण म्हणतं? जादूच्या चार शाखांत अर्थ आणि एअर जरा जास्तच वरचढ आहेत. आर्मागेडॉन्स ब्लेड या पुरवणीतून आलेलं कॉन्फ्लक्स टाउन तर बिनलाजेपणाने ताकदवान आहे. मुळात त्या जागी फोर्ज नावाचं विज्ञानकथेतलं टाउन यायचं होतं, यंत्रं आणि बंदुकांचं. चाहत्यांनी आरडाओरडा केला आणि ते रद्द झालं. माइट अँड मॅजिक या मूळ मालिकेच्या जगात अंतराळातून आलेली यंत्रं आधीपासून होतीच, त्यामुळे फोर्ज अगदीच परकं नव्हतं. मला ते खेळून बघायला आवडलं असतं. पण त्याच पुरवणीने नकाशे आपोआप तयार करणारं यंत्रही दिलं, आणि त्या एका गोष्टीवर हा खेळ आजवर जगला आहे, म्हणून बाकी सगळं माफ.

चौथा, 2002. याच्याबद्दल मला उगाच चार शिव्या द्यायच्या नाहीत, कारण त्याने जे केलं ते विचारपूर्वक केलं. हिरो स्वतः रणांगणात उतरला. सैनिक हिरोशिवाय चालू लागले. अपग्रेड काढून टाकले आणि वरच्या पातळ्यांवर दोनांपैकी एक निवडा असं सांगितलं. एकाने वार केला की दुसऱ्याचा उलटा वार त्याच क्षणी. आणि भरती रोजची झाली. आठवड्याला येणारे सैनिक आता रोज थोडे थोडे येतात, आणि दूरच्या टाउनमधून कारवाँ घरपोच आणून देतो.

कागदावर हे सगळं शहाणपणाचं दिसतं. दुकान रोज उघडं, वर माल घरपोच, आणखी काय हवं? पण खेळायला बसलं की कळतं काय हरवलं ते. सातवा दिवस आणि आठवा दिवस सारखेच. टर्न संपवायचं बटण दाबताना हात थबकत नाही. काही चुकलं तर उद्या आहेच. सैनिक स्वतः चालतात आणि कारवाँ धावतात, म्हटल्यावर साखळीची गरज संपली, आणि तिच्याबरोबर ते आधीपासून माणसं पेरून ठेवणंही संपलं. खेळाचा ताणच निघून गेला. शिवाय हिरो वरच्या लेव्हलला पोचला की एकटाच सगळी फौज कापत सुटतो, मग बाकीचे कशाला?

आणि तरीही. चौथ्याच्या मोहिमा मी सगळ्या पूर्ण केल्या आहेत, तिसऱ्याच्या नाही. अर्धा मेलेला गॉल्डॉथ, स्वतःच्या शरीराकडे जवळजवळ तटस्थपणे बघणारा, त्याच्या टिपणांसारखं लिखाण या मालिकेत पुन्हा झालं नाही. आधीचं जग त्यांनी सुरुवातीलाच फोडून टाकलं: गेलूची आर्मागेडॉन्स ब्लेड आणि किल्गॉरची फ्रॉस्ट तलवार एकमेकींवर आदळतात आणि सगळं संपतं, उरलेली माणसं दरवाज्यांतून नव्या जगात पळतात. निर्वासितांची गोष्ट आहे ती. संगीत ऐकाल तर डोळे मिटून बसाल. पण हा खेळ बाजारात आला तेव्हा दोघांनी मिळून खेळायची सोयच त्यात नव्हती, आणि आपोआप नकाशे बनवणारं यंत्रही नव्हतं. आमच्या घरात तो म्हणूनच एकटीने वाचायच्या पुस्तकासारखा राहिला.

2003 मध्ये मालक कंपनी थ्रीडीओ बुडाली. सगळ्या माइट अँड मॅजिकचे हक्क यूबीसॉफ्टने 13 लाख डॉलरला घेतले. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या सिनेमाचा नायक तेवढे सहज घेत असेल.

पाचवा 2006 चा, रशियातल्या निव्हाल कंपनीचा. त्याच्या चाचणी आवृत्तीवर चाहते इतके वैतागले की घाईने बाजारात आणू नका म्हणून जाहीर विनवणी केली, आणि कंपनीने खरंच तारीख पुढे ढकलली. पाचव्याने आठवडा जसाच्या तसा परत आणला. त्याबद्दल त्यांचे पाय धरायला हवेत. मग स्वतःची करामत दाखवली ती लढाईच्या आत. तिथे आधी फेऱ्या असायच्या: प्रत्येक तुकडीची एकदा पाळी, वेगानुसार, मग पुढची फेरी. पाचव्यात फेऱ्या मोडल्या. प्रत्येक तुकडीला इनिशिएटिव्ह, म्हणजे तिची पाळी किती लवकर येते त्याचा आकडा, आणि खाली एक पट्टी, त्यावर चेहरे सरकत येतात. एखाद्याचा इनिशिएटिव्ह दुसऱ्याच्या दुप्पट असेल तर दुसऱ्याची एक पाळी होईतो त्याच्या दोन होतात. हिरोही त्याच पट्टीवर. एखाद्या मंत्राने शत्रूला पट्टीवर मागे ढकलता येतं. म्हणजे तिसऱ्यात जी ओढाताण नकाशावर चालायची, तीच इथे लढाईत आली. हे फार हुशारीचं काम आहे आणि त्याचं पुरेसं कौतुक झालं नाही, कारण सगळे कथेतल्या राणी इझाबेलच्या तोंडच्या संवादांची टिंगल करण्यात गुंतले होते. (टिंगल योग्यच होती.)

कौशल्यांची जाळीही खोल. इतकी, की चाहत्यांनी स्किलव्हील नावाचं एक चक्रच बनवलं, कशातून काय निघतं ते बघायला. मी ते छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं, साड्यांच्या बाजूला.

पाचव्याचं दुखणं वेगळ्या वेळेचं, भिंतीवरच्या घड्याळातल्या वेळेचं. मोठ्या नकाशावर कॉम्प्युटरची पाळी आली की चहा टाकावा, गाळावा, प्यावा, तरी त्याचा विचार चाललेलाच. ते बनवणाऱ्यांनाही जाणवलं असावं, कारण दोघे खेळत असताना बसून राहणाऱ्यासाठी त्यांनी भूत होऊन फिरण्याचा एक प्रकार दिला: समोरच्याची पाळी चालू असताना तुम्ही भूत होऊन नकाशावर उपद्व्याप करायचे. कल्पना गमतीची. आमच्या घरातल्या स्वयंपाकघराची जागा भुताने घेतली. दोन पुरवण्या आल्या, 2006 चीच हॅमर्स ऑफ फेट आणि 2007 ची ट्राइब्ज ऑफ द ईस्ट. दुसरी स्वतंत्र चालते आणि प्रत्येक सैनिकाला दुसरा पर्यायी अपग्रेड देते. पाचवा घ्यायचाच असेल तर तीच घ्या.

सहाव्याबद्दल फार लिहिवत नाही. 2011, हंगेरीची ब्लॅक होल. सात प्रकारच्या मालाचे चार केले: सोनं, लाकूड, ओअर आणि ब्लड क्रिस्टल. तेही चाललं असतं. पण तुमच्या सगळ्या टाउनमधली भरती एकाच डब्यात, आणि तो डबा कुठल्याही टाउनमधून उघडता येतो. दूरच्या टाउनचे सैनिक इथेच हजर. मग अंतराला किंमत काय राहिली? साखळी नको, टाउन पोर्टलची आस नको, कारवाँसुद्धा नको. चौथ्याने आठवडा विरघळवला होता, सहाव्याने नकाशाच गुंडाळून ठेवला. खाणीसुद्धा किल्ला घेतल्याशिवाय टिकत नाहीत, म्हणजे एकटा घोडेस्वार मागून पाठवून समोरच्याचा गंधक पळवण्याची मजा गेली. जिंकलेलं टाउन आपल्या जातीचं करून घेता येतं, त्याने तर कुठल्याच जागेचं काही वैशिष्ट्य उरत नाही. चित्रकारांचं काम मात्र सुंदर, जपानी वळणाचा सँक्चुअरी पक्ष डोळ्यांत भरतो.

सातवा, 2015, जर्मनीच्या लिंबिक कंपनीचा. यात सात प्रकारचा माल परतला, टाउनची भरती टाउनमध्येच परतली, काही पक्ष कोणते घ्यायचे यावर चाहत्यांचं मतदानही झालं. ऐकून घेणारी माणसं होती. खेळ मात्र इतक्या गडबडी घेऊन आला की जे चांगलं होतं ते बघायला लोक थांबलेच नाहीत. त्यानंतर मोठा भाग नाही.

सातवा आला त्याच वर्षी यूबीसॉफ्टने तिसऱ्याची नवी चकचकीत आवृत्तीही काढली. पण पुरवण्यांशिवाय, कारण त्यांचा मूळ कोड हरवलेला. म्हणजे नकाशे बनवणारं यंत्र नाही. ज्या गोष्टीवर खेळ जगला तीच वगळून त्याचं नूतनीकरण! लोकांनी जुनीच आवृत्ती धरून ठेवली आणि तिच्यावर हॉर्न ऑफ द अबिस ही चाहत्यांनी फुकट बनवलेली पुरवणी चढवली. त्यात चाच्यांचं कोव्ह टाउन आहे, आणि 2023 च्या अखेरीस फॅक्टरी नावाचं टाउन आलं, वाफेच्या यंत्रांचं. फोर्जचा आत्मा असा वीसेक वर्षांनी शांत झाला म्हणायचा. दुसऱ्या भागासाठी एफहिरोज2 आणि तिसऱ्यासाठी व्हीसीएमआय हे दोन खुले प्रकल्प आहेत, फोनवरही चालतात. अंगठ्याने खेळायला जरा कटकट होते, पण डेक्कन क्वीनमध्ये खिडकी मिळाली तर मी खेळते.

हॉर्न ऑफ द अबिसमध्ये ऑनलाइन खेळताना बुद्धिबळासारखं घड्याळ लावता येतं, आणि एकमेकांशी गाठ पडेपर्यंतचे सुरुवातीचे दिवस दोघे एकाच वेळी खेळू शकतात. धाकटा आता बंगळुरूला असतो. आम्ही शनिवारी रात्री बसतो, तो तिकडे, मी इकडे, फोन स्पीकरवर. स्पर्धांतले लोक जेबस क्रॉस नावाचा नकाशा-साचा लावतात, त्यात दुसऱ्या आठवड्यातच निकाल लागू शकतो. आम्हाला ते झेपत नाही. आम्ही मोठा नकाशा घेतो, महिनाभर वगैरे चालणारा. एकदा ज्योतिष्यांनी प्लेगचा महिना सांगितला, सगळ्या टाउनमधली न उचललेली भरती निम्मी झाली. मी आदल्या रात्री पैसे जपून ठेवून एकही एंजल उचलला नव्हता. फोनवरून त्याचं हसणं शेजारच्या फ्लॅटमध्ये ऐकू गेलं असेल.

आता नवा येतोय, ओल्डन एरा. अनफ्रोझन ही मंडळी बनवतायत, 2024 मध्ये घोषणा झाली. जुन्या माइट अँड मॅजिकमधल्या जडामे खंडावरची गोष्ट आहे. दिसायला तिसऱ्याच्या वळणाचा, फेऱ्या आहेत, षटकोनी घरं आहेत, आठवडा आहे. एवढं पाहून मी निम्मी विकत गेलेच. पण त्यात नेहमीच्या खेळाबरोबर आणखी एक प्रकार आहे: प्रत्येकाला एकच हिरो. दुसरा ठेवायचाच नाही. म्हणजे हातोहात सामान देणं नाही, पेरून ठेवलेले रिऑन-टायरिस नाहीत, साखळी नाही. फौज हिरोच्याच पायांनी जाईल तेवढीच जाईल.

मी याला अर्धा खेळ म्हणते. धाकट्याने त्या प्रकाराची चित्रफीत मला पाठवली, खाली एकच ओळ: "ताई, आता बघू."